एक वायर, तीन गीझर

सकाळी पावणेआठ. अंगाला साबण, साडेआठची कंपनीची बस आणि लाइट गायब! भाड्याने राहणाऱ्या पुणेरी पब्लिकला हा सीन नवा नाही. आमच्याकडे गेल्या डिसेंबरात तो रोजचाच झाला होता. शेवटी घरमालक काकांनी कुणालातरी बोलावलं. त्याने खालचा ३२ चा मेन एमसीबी काढून ६३ चा बसवला. प्रॉब्लेम सॉल्व्ह! आम्ही तिघींनी त्याला चहासुद्धा पाजला.

घर मूळचं एका कुटुंबाचं. आता खाली काका-काकू, मधे एक नवं जोडपं, वर आम्ही तिघी. प्रत्येक मजल्यावर चकाचक डीबी, त्यात ३२ चा एमसीबी, शेजारी सबमीटर. पण या तिन्ही डीबींना वीज देणारी वायर एकच. मीटरपासून निघते आणि जिन्याच्या भिंतीतून वर येते. ६ स्क्वेअर एमएमची.

जानेवारीत नवीनच नाटक. मधल्या मजल्याचा गीझर लागला की आमचे दिवे मंद! त्यात जिन्यात कसलातरी जळका वास. ‘कुणाचीतरी पोळी करपली असेल,’ इति काकू. रूममेटचे मामा वायरमन आहेत म्हणून बरं, रविवारी क्लॅम्प मीटर घेऊन हजर झाले.

त्यांनी हिशोबच मांडला. २ किलोवॅटचा गीझर साधारण ९ अँपिअर ओढतो. असे तीन. त्यावर दोन इंडक्शन शेगड्या आणि आमची इस्त्री. झाले ४८! कुठल्याच मजल्याचा एमसीबी पडत नाही, कारण आपापल्या मजल्यावर सगळे मर्यादेत. आणि भिंतीतली ती बिचारी वायर? तिची ताकद ३५-४० ची.

‘एमसीबी गीझरसाठी नसतो गं, वायरसाठी असतो,’ मामा म्हणाले. म्हणजे डिसेंबरात तो रोज पडत होता तेव्हा चोख ड्यूटी करत होता. आम्ही त्यालाच घरी बसवलं! (आणि वर चहा.)

मग मामांनी तळमजल्याचा बॉक्स उघडला. काकांची लाइन फुटून वायर वर जाते, तिथला जॉइंट काळाठिक्कर. इन्सुलेशन टेप वितळून चिकटलेली. मामा काही बोलले नाहीत, नुसती बॅटरी धरून उभे राहिले. काकांनी चष्मा लावून बराच वेळ पाहिलं.

जळका भाग कापून जॉइंट नीट केला, ६३ गेला, ३२ परत आला. पक्का इलाज म्हणजे मीटरपासून प्रत्येक मजल्याला स्वतंत्र वायर, तिला खालीच स्वतंत्र एमसीबी आणि मीटरचा मंजूर लोड वाढवून घेणं. ‘भिंती फोडायच्या? आत्ताच रंग दिलाय!’ काका कळवळले. बाहेरून केसिंग-पट्टीतून वायर नेता येते, हे कळल्यावर तयार झाले. खर्चावर तहाची बोलणी अजून चालू आहेत.

तोवर व्हॉट्सॲपवर गीझरचं टाइमटेबल आहे. खाली साडेसहा, मधे सात, वर साडेसात. काल मी उशिरा उठले आणि चक्क गार पाण्याने आंघोळ केली. मधल्या मजल्यावरची वहिनी विचारत होती, एवढं जोरात कोण ओरडलं म्हणून!