वाढलेले वीजबिल : आधी हिशेब, मग तक्रार

भिवंडीत दर उन्हाळ्यात एक चर्चा हमखास सुरू होते. कामतघर असो, शांतीनगर असो की निजामपुरा, हॉटेलात चहा पिताना, पेढीवर माल पाहताना, कारखान्याच्या दारात, सर्वत्र एकच वाक्य ऐकू येते : "मीटर पळते आहे." दीड हजाराचे बिल साडेतीन हजारावर गेले, घरात माणसे तेवढीच, पंखे तेवढेच, मग हे झाले कसे? प्रश्न रास्त आहे. परंतु उत्तर शोधण्याची आपली रीत मात्र रास्त नाही. कोणी बिल चुपचाप भरून टाकतो, कोणी कार्यालयात जाऊन आवाज चढवितो, आणि कोणी "बिल कमी करून देतो" म्हणणाऱ्या दलालाच्या हाती मीटर सोपवितो. हे तिन्ही मार्ग नुकसानीचे आहेत, असे आमचे स्पष्ट मत आहे.

आम्ही कापडाचे व्यापारी. ग्रे कापडाचा तागा चलनावर शंभर मीटर लिहिला आहे म्हणून आपण तो शंभर मीटर मानत नाही. टेबलावर मोजून घेतो. कमी भरला तर तूट कोठे आली हे आधी पाहतो, मग कारखानदाराशी बोलतो. घरच्या वीजबिलालाही हीच शिस्त लावली पाहिजे.

हा अविश्वास आला कोठून?

राज्याच्या वीज मंडळाचे २००५ साली विभाजन झाले आणि वितरणाचे काम महावितरणकडे आले. त्यानंतर २६ जानेवारी २००७ पासून भिवंडीचे वितरण फ्रँचायझी म्हणून टोरंट पॉवर या खाजगी कंपनीकडे सोपविण्यात आले. अशा पद्धतीचा देशातील हा पहिला मोठा प्रयोग होता. त्या वेळी भिवंडीत वीजगळती आणि थकबाकी मिळून तोटा सुमारे ५८ टक्के होता. पाच वर्षांच्या आत तो वीस टक्क्यांच्या आसपास आला. हे कसे झाले? जुन्या चकतीच्या मीटरांच्या जागी इलेक्ट्रॉनिक मीटर आले, अंदाजे बिलांच्या जागी प्रत्यक्ष रीडिंग आले, वसुली कडक झाली. झिजलेले चकतीचे मीटर थोड्या भाराला हळू फिरत असे. नवे मीटर एका लहानशा दिव्याचाही हिशेब ठेवते. त्यामुळे ज्यांनी कधी एका युनिटाचीही चोरी केली नव्हती, त्यांच्याही बिलाचा आकडा बदलला. "मीटर पळते" हा समज तेव्हा रुजला आणि आजही टिकून आहे.

येथे एक गोष्ट समजून घ्यावी. विजेचा दर कंपनी ठरवीत नाही. तो महाराष्ट्र विद्युत नियामक आयोग ठरवितो, आणि महावितरणच्या ग्राहकाला जो दर, तोच भिवंडीच्या ग्राहकाला. म्हणून शोध घ्यायचा तो दराचा नव्हे, तर युनिटांचा. युनिट खरोखर आपण जाळले का, आणि जाळले तर कोठे, एवढाच प्रश्न उरतो.

बिलाचा कागद आधी वाचा

आमचे शिक्षण उर्दू माध्यमात झाले. आमच्या पिढीतील अनेकांना 'वहन आकार', 'इंधन समायोजन आकार' असे शब्द दिसले की बिल घडी करून खिशात ठेवण्याची सवय आहे. पण बिलात पाहण्याच्या गोष्टी तीन-चारच आहेत.

पहिली, मागील आणि चालू रीडिंग. बिलावरील चालू रीडिंग मीटरवरील आकड्याशी ताडून पहा. मीटरचा आकडा बिलापेक्षा मागे असेल, तर चूक तेथेच सापडली. रीडिंग न घेता सरासरीचे बिल आले असेल, तर पुढील महिन्यात सगळी थकलेली युनिटे एकदम येतात आणि घरात गोंधळ उडतो.

दुसरी, दिवस. बिल तीस दिवसांचे आहे की अडतीस, हे पहा. युनिटांना दिवसांनी भागा आणि रोजचा खर्च काढा. महिन्याची तुलना महिन्याशी करू नका, रोजाची रोजाशी करा. दिवस जास्त असतील तर स्वस्त दराची युनिटेही त्याच प्रमाणात वाढवून मिळाली आहेत का, हे विचारण्याचा आपल्याला हक्क आहे.

तिसरी, टप्पे. घरगुती दराचे टप्पे ० ते १००, १०१ ते ३००, ३०१ ते ५०० आणि त्यापुढे असे आहेत. तीनशेच्या वर गेले की सर्वच युनिटांना वरचा दर लागतो, हा समज चुकीचा आहे. प्रत्येक टप्प्यातील युनिटाला त्याच टप्प्याचा दर लागतो. पण पहिल्या शंभरानंतरचा दर आधीच्या सुमारे दुप्पट आहे. समजा एका घरात ९० युनिटे जळत होती, ती १८० झाली. पहिल्या टप्प्याचा दर एक धरला तर आधी हिशेब ९० चा होता. आता शंभराचे १०० आणि उरलेल्या ८० चे दुपटीने १६०, म्हणजे २६०. युनिटे दुप्पट झाली, पण आकार जवळजवळ तिप्पट झाला. येथे मीटर पळाले नाही, टप्पा ओलांडला गेला. त्यावर घरगुती वापराला सोळा टक्के वीज शुल्क लागते, ते वेगळेच.

चौथी, बिलात मागची थकबाकी जोडली आहे का हे पहा. सुरक्षा ठेवीचे बिलही दरवर्षी वेगळे येऊ शकते. ती आपलीच ठेव असते आणि तिच्यावर व्याज मिळते. त्या कागदाला वीजबिल समजून भांडणारे लोक आम्ही पाहिले आहेत.

आता घरात शोध घ्या

कागद बरोबर निघाला तर मीटरसमोर उभे रहा. घरातील मेन स्विच बंद करा. मीटरवर एक लाल दिवा लुकलुकत असतो. मेन बंद असताना तो लुकलुकता कामा नये. तो चालूच राहिला, तर मीटर आणि मेन स्विच यांच्यामधून कोणाची तरी वायर जात आहे, किंवा न्यूट्रलचा घोटाळा आहे.

हा न्यूट्रलचा घोटाळा भिवंडीत फार आहे, म्हणून नीट समजून घ्या. आजचे मीटर फेज आणि न्यूट्रल या दोन्ही तारांमधील करंट मोजते आणि त्यातील जास्त असेल तो धरते. चोरी पकडण्यासाठी ही सोय केलेली आहे. परंतु शेजारच्या खोलीचा न्यूट्रल आपल्या न्यूट्रलला जोडलेला असेल, तर शेजाऱ्याचा करंट आपल्या मीटरमधून परत जातो आणि त्याचे युनिट आपल्या नावावर चढते. आपल्याकडे एकाच घराची दोन घरे होतात, खालच्या कारखान्यावर मजला चढतो, मीटर वेगळे घेतले जाते. भावाभावांत घराची वाटणी झाली, पण वायरिंगची वाटणी झालीच नाही, अशी कित्येक घरे कामतघरात दाखविता येतील. दोन्ही भाऊ एकमेकांकडे संशयाने पाहतात आणि दोष असतो एका जोडाचा. वायरमनकडे क्लॅम्प मीटर असतो, त्याला ते टंग टेस्टर म्हणतात. फेज आणि न्यूट्रलचा करंट वेगवेगळा मोजला की पाच मिनिटांत सत्य बाहेर येते.

मेन बंद करताच दिवा थांबला, तर खर्च घराच्या आतच आहे. मग एकेक वस्तू पारखा. एक हजार वॅट एक तास म्हणजे एक युनिट, हे माप लक्षात ठेवा. दोन हजार वॅटचा गिझर अर्ध्या तासात एक युनिट खातो. जुना पंखा ७५ वॅट घेतो आणि नवा कमी विजेचा पंखा तीसच्या आसपास. असे चार जुने पंखे रोज पंधरा तास चालले, तर महिन्याची १३५ युनिटे त्यांचीच झाली. फ्रिजच्या दाराच्या रबरात कागद धरून दार लावा. कागद सहज ओढून निघाला तर थंडी बाहेर जात आहे आणि कॉम्प्रेसर थांबत नाही, असे समजा. भारनियमनाच्या काळात घेतलेला इन्व्हर्टर आजही अनेक घरांत कोपऱ्यात पडून आहे. त्याची बॅटरी मेली असेल तरी ती रात्रंदिवस चार्जिंग ओढत राहते.

आणि पाण्याचा पंप! पाणी ठराविक वेळेला, कमी दाबाने येते. फुटवॉल्व्ह गळका असेल, टाकीचा बॉलकॉक बिघडला असेल, तर पाऊण तासाचा पंप अडीच तास चालतो. एक हॉर्सपॉवरचा पंप तासाला सुमारे एक युनिट घेतो. आमच्या ओळखीच्या एका घराने दोन महिने मीटरला दोष दिला आणि अखेरीस गच्चीवरील टाकीतून वाहून जाणारे पाणी सापडले.

मीटरची परीक्षा

एवढे करूनही हिशेब जुळत नसेल, तर मीटरवर संशय घेण्यास जागा आहे. मीटरवर 'एका युनिटास ३२०० पल्स' असे किंवा दुसऱ्या संख्येचे माप छापलेले असते. घरातील सर्व वस्तू बंद करा. एक हजार वॅटचा पाणी तापविण्याचा रॉड बादलीत पूर्ण बुडवा, मगच चालू करा आणि चालू असताना पाण्याला हात लावू नका. ३२०० चे मीटर असेल तर दिवा मिनिटाला सुमारे ५३ वेळा लुकलुकला पाहिजे. व्होल्टेज कमी असेल तर ४५ च्या आसपासही येईल. सत्तर-ऐंशी आला तर तारीख-वेळ लिहून ठेवा आणि मीटर तपासणीचा लेखी अर्ज करा. उशीर करू नका, कारण चोरीचा प्रश्न नसताना मीटर सदोष ठरले, तर बिलाची दुरुस्ती साधारणतः मागील तीन महिन्यांपुरतीच होते.

दलालापासून सावध

'सेटिंग' करून देणारा माणूस प्रत्येक गल्लीत भेटतो. तो पैसे घेऊन जातो, तुटलेले सील मात्र आपल्या भिंतीवर राहते. विद्युत कायदा २००३ च्या कलम १३५ प्रमाणे मीटरशी छेडछाड ही वीजचोरी आहे आणि तिला तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. छेडछाड आढळली तर ती ग्राहकानेच केली असे कायदा धरून चालतो. निर्दोषपणा सिद्ध करण्याचे ओझे आपल्यावर येते. पाचशे रुपये वाचविण्यासाठी आयुष्याची इज्जत गहाण टाकणे हा कोणता व्यापार?

आपले हक्क

बिल चुकीचे वाटते म्हणून ते न भरता बसणे ही चूक आहे आणि धमकीला घाबरून सगळे भरणेही गरजेचे नाही. कलम ५६ प्रमाणे वीज तोडण्यापूर्वी पंधरा पूर्ण दिवसांची लेखी नोटीस द्यावी लागते. वाद असेल तर मागितलेली रक्कम किंवा मागील सहा महिन्यांच्या सरासरीने येणारी रक्कम, यांतील जी कमी असेल ती 'हरकत राखून' भरली, तर वाद मिटेपर्यंत वीज तोडता येत नाही. ही तरतूद आपल्या मोहल्ल्यात दहा माणसांनाही माहीत नसेल.

तक्रार लेखी द्या आणि पोच घ्या. तेथे न्याय मिळाला नाही तर ग्राहक तक्रार निवारण मंच आहे आणि त्याच्या वर विद्युत लोकपाल आहे. मंचाच्या निर्णयानंतर साठ दिवसांत लोकपालाकडे जाता येते.

घरी काम करणाऱ्या कारागिरांसाठी आणखी एक गोष्ट. घरात शिलाई मशीन आहे, साडीला फॉल-पिको होते, म्हणून घरगुती मीटर गैरवापराचे ठरेल, अशी भीती घातली जाते. आयोगाच्या दर आदेशांत अनेक वर्षांपासून तरतूद आहे की राहत्या घराच्या एका भागात व्यवसाय असेल, महिन्याचा वापर ३०० युनिटांपर्यंत आणि मागील आर्थिक वर्षाचा ३,६०० युनिटांपर्यंत असेल, तर घरगुती दरच लागतो. म्हणजे बिल आटोक्यात ठेवणे हे कारागिराच्या रोजीचेही रक्षण आहे. मर्यादा ओलांडली तर मात्र योग्य जोडणी वेळीच घ्यावी. कलम १२६ खालील आकारणी दुप्पट दराने होते.

करावयाचे काय?

वीजपुरवठा करणाऱ्यांकडे आमची मागणी साधी आहे. ग्राहकाने मीटरची शंका घेतली तर त्याच्या समोर चाचणी करा, आकडे त्याला समजतील अशा भाषेत लिहून द्या. विश्वास जबरदस्तीने वसूल होत नसतो.

आणि आपल्या लोकांकडेही मागणी आहे. प्रत्येक मोहल्ल्याने वर्गणी काढून एक टंग टेस्टर घ्यावा. दोन शिकलेली मुले आणि एक जाणता वायरमन यांनी आठवड्यातून एक तास बसावे, लोकांची बिले वाचून द्यावीत, तक्रारीचे अर्ज लिहून द्यावेत. विधवा, म्हाताऱ्या, भाड्याच्या खोलीत राहणारे मागावरचे कामगार यांना या एका तासाचा जो फायदा होईल, तो शंभर मोर्चांनी होणार नाही. ज्याच्या हातात तारीखवार रीडिंग आहे, त्याला कार्यालयात आवाज चढवावा लागत नाही. येत्या पहिल्या तारखेपासून मीटरशेजारी एक वही लटकवा आणि रोजचा आकडा लिहिण्यास सुरुवात करा.