कॅसलरॉकच्या रानातला रेडिओ
कॅसलरॉक म्हटलं की आम्हा कुळगीकरांना दूधसागरची रेल्वे आठवते. पण आपल्याच जोयडा तालुक्यातल्या त्या रानातून पोर्तुगीजांना त्यांच्याच भाषेत सुनावणारा रेडिओ चालायचा! वामन सरदेसाई, लिबिया लोबो आणि सोबत्यांनी २५ नोव्हेंबर १९५५ला तो आंबोलीच्या जंगलात सुरू केला, मग कॅसलरॉकला हलवला. गोव्यात वर्तमानपत्रांवर सेन्सॉर होता, म्हणून ही धडपड, थेट डिसेंबर १९६१पर्यंत. लोकांशी कोकणीत, सत्तेशी पोर्तुगीजमध्ये. भाषेच्या हक्कावर बोलताना मला हेच जास्त पटतं. मधेच १९५६ला आपला तालुका (तेव्हाचा सुपा) मुंबई राज्यातून म्हैसूरला गेला. राज्यशास्त्राच्या वर्गात यातलं एक अक्षर मला कुणी शिकवलं नाही. लिबियाबाईंना पद्मश्री जाहीर झाली ती २०२५मध्ये, वयाची शंभरी गाठल्यावर. एवढा उशीर का, हे आपण विचारायचं की नाही?