मते मागायची तर किल्लारीला या

निवडणुकीचे वेड आपल्याकडे कोणाला नाही? औशाच्या बाजारात चहाच्या टपरीवर बसलेल्या माणसाला बाजार समितीत कोणत्या पॅनेलचे किती येणार, साखर कारखान्याच्या अध्यक्षाच्या खुर्चीवर कोणाचा डोळा आहे आणि सोसायटीच्या चेअरमनला कोणी पाडले, हे सारे तोंडपाठ असते. साहित्य संमेलनाच्या अध्यक्षाची निवडणूक होत असे तेव्हा ज्यांनी जन्मात एक कादंबरी पुरी केली नाही तेही दोन महिने तावातावाने भांडत. २०१९ च्या यवतमाळच्या संमेलनापासून ती निवडणूक गेली, अरुणा ढेरे सन्मानाने निवडल्या गेल्या, आणि पुष्कळांना चुकल्याचुकल्यासारखे झाले. पण एका निवडणुकीची मात्र आपल्याला गंधवार्ता नसते. ती म्हणजे भूगर्भशास्त्रज्ञांच्या संस्थेच्या अध्यक्षाची. कोण उभे राहते, कोणाला मते मागते, निवडून येऊन काय करते, याची चौकशी कोणी करीत नाही. माझे म्हणणे असे की, ज्या औसा तालुक्याच्या पायाखालची भुई ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी हादरली, त्या तालुक्याला तरी ही निवडणूक परकी वाटता कामा नये. ती परकी वाटते, याला जबाबदार उमेदवार मंडळी आहेत.

आधी एक घोटाळा दूर करू. आपल्या देशात भूगर्भाच्या नावाने दोन मोठ्या संस्था चालतात आणि दोहोंच्या इंग्रजी नावांची आद्याक्षरे एकच आहेत. एक आहे भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण, १८५१ सालचे, सरकारी खाते. तिचा प्रमुख सरकारी हुकमाने येतो आणि सरकारी हुकमाने जातो. दुसरी जिऑलॉजिकल सोसायटी ऑफ इंडिया. ही १९५८ साली बंगळुरात शास्त्रज्ञांनी आपल्या वर्गणीवर उभी केली, आणि हिमालयाचे थोर अभ्यासक दा. नो. वाडिया हे तिचे पहिले अध्यक्ष. खात्यातल्या माणसाचे तोंड नोकरीच्या नियमांनी बांधलेले असते. त्याने पत्रकाराशी चार शब्द बोलायचे म्हटले तरी वरिष्ठांची परवानगी लागते. सोसायटीच्या अध्यक्षाला ती लागत नाही. त्याची खुर्ची बदलीच्या कागदावर अवलंबून नाही. म्हणून खडक, पाणी आणि भूकंप यांविषयी ज्याने निर्भयपणे बोलावे अशी जी थोडी आसने या देशात आहेत, त्यांत हे एक आहे. एवढे मोलाचे आसन, आणि त्यावर बसू इच्छिणारा मनुष्य मते मागताना काय सांगतो?

देशातल्या असोत की परदेशातल्या, अशा व्यावसायिक संस्थांच्या उमेदवारांची निवेदने वाचून पाहावीत. एक वाचले की बाकीची वाचायला नकोत. अमुक विद्यापीठाची पदवी, इतके शोधनिबंध, इतकी पदके, इतक्या समित्या, इतके परदेश दौरे. शेवटी तरुणांना उत्तेजन देण्याचे आणि सभासदसंख्या वाढविण्याचे आश्वासन. वाचून असे वाटते की स्थळ पाहायला आलेल्या मंडळींपुढे मुलाचे गुण वाचून दाखवीत आहेत! मुलगा निर्व्यसनी आहे, नोकरीत कायम आहे, हे सारे मान्य. पण लग्नानंतर घर कसे चालवणार, ते कोणी विचारीत नाही. पदके ही मागच्या कामाची पावती असते. पुढच्या कामाचा करार वेगळा लिहावा लागतो.

तो करार कशाविषयी असावा, हे किल्लारीने शिकवले आहे. भूकंपाच्या आधी जवळजवळ वर्षभर, १९९२ च्या पावसाळ्यापासूनच, किल्लारीच्या परिसरात जमिनीतून गुरगुर ऐकू येई आणि हादरे बसत. १८ ऑक्टोबर १९९२ चा हादरा तर चांगलाच जाणवला. लोक भ्याले, अंगणात निजू लागले, हे काय चालले आहे म्हणून विचारू लागले. १९९३ च्या उन्हाळ्यापर्यंत हादरे ओसरले. माणसाला भीती फार काळ उशाशी घेता येत नाही. लोक पुन्हा घरात निजू लागले. आणि मग गणपती विसर्जन करून थकून भागून झोपलेली गावे त्या पहाटे झोपेतच गाडली गेली. मृतांचा आकडा निरनिराळा सांगतात. आठ ते दहा हजारांच्या दरम्यान तो आहे.

यावर शास्त्रज्ञ मंडळींचे उत्तर ठरलेले असते: भूकंपाचे भाकीत करता येत नाही. अगदी खरे! भाकीत कोणी मागितलेच नव्हते. माणसे मेली ती घरांखाली मेली. आमच्याकडचे जुने घर म्हणजे माळवद. हातभर किंवा त्याहून जाड दगडाच्या भिंती, सांधायला चिखल, वर लाकडी तुळया-किलचांवर पांढऱ्या मातीचे छत. गळू नये म्हणून त्या छतावर दर पावसाळ्याआधी नवी माती चढायची. आज्याच्या काळापासून नातवाच्या काळापर्यंत थर वाढतच जायचा. उन्हाळ्यात आत गारवा मोठा, पण भिंत सुटली की डोक्यावर शेकडो मण माती. जिथे लाकडी खांबांनी छत पेलून धरले तिथे भिंती ढासळूनही आतली माणसे जगली. एवढे तरी १९९२ च्या हिवाळ्यात गावोगाव जाऊन कोणी सांगायला हवे होते: हादरे थांबोत न थांबोत, छतावरची माती उतरवा, खांबांना आडवे आधार द्या, पोरांना भिंतीपासून दूर निजवा. यासाठी भाकीत लागत नाही, तोंड लागते. पण सरकारी नकाशात हा भाग भूकंपाच्या सर्वांत कमी धोक्याच्या, पहिल्या पट्ट्यात रंगवलेला होता. खात्याचा मनुष्य त्या नकाशाविरुद्ध कसा बोलणार? तो नकाशा बदलला २००२ साली, आणि हा परिसर तिसऱ्या पट्ट्यात गेला. माणसे गेल्यावर नऊ वर्षांनी.

शास्त्रज्ञांची संस्था गप्प बसली की तिच्या नावाने दुसराच कोणी बोलतो, याचा दाखला इटलीत मिळाला. लाक्विला शहरात असेच महिनोन् महिने लहान हादरे बसत होते. ३१ मार्च २००९ रोजी तज्ज्ञांची बैठक झाली, आणि काळजीचे कारण नाही असा दिलासा एका अधिकाऱ्याने लोकांना देऊन टाकला. ६ एप्रिलला भूकंप झाला, ३०९ माणसे गेली. २०१२ साली सहा शास्त्रज्ञ आणि तो अधिकारी यांना न्यायालयाने शिक्षा ठोठावली. २०१४ साली अपिलात शास्त्रज्ञ सुटले. जगभरच्या शास्त्रज्ञांनी त्या खटल्याचा निषेध केला आणि तो योग्यच होता. पण ज्या आठवड्यात लोक घाबरून विचारीत होते त्या आठवड्यात अधिकाऱ्याच्या बोलण्याला चारचौघांत ठाम शब्दांत खोडून काढणारा आवाज कोठे होता, हा प्रश्न त्या निषेधाने मिटत नाही.

सोसायटीने काहीच केले नाही असे मी म्हणणार नाही. तो अन्याय होईल. १९९४ सालीच तिने लातूरच्या भूकंपावर एक जाडजूड ग्रंथ काढला. हर्ष गुप्तांनी तो संपादित केला आणि पुढे तेच सोसायटीचे अध्यक्षही झाले. हैदराबादच्या भूभौतिकी संस्थेने किल्लारीला ६१७ मीटर खोल भोक पाडले. त्यात कळले की काळ्या खडकाचे थर ३३८ मीटर, म्हणजे अकराशे फुटांवर संपतात, त्याखाली ८ मीटर गाळाचा खडक आणि मग पृथ्वीचा अतिप्राचीन पाया लागतो. किती अद्भुत गोष्ट! आपण ज्या कातळाला अथांग समजत होतो त्याला बूड आहे, आणि ते आपल्याच शिवारात सापडले आहे. ही गोष्ट किल्लारीच्या शाळेत सातवीच्या पोराला मराठीत कोणी सांगितली आहे काय? ग्रंथ इंग्रजीत, कपाटात. ज्यांच्या घरांवर तो लिहिला गेला त्यांच्या हाती आली ती अफवा. माकणीच्या धरणामुळे भूकंप झाला की नाही, यावर शास्त्रज्ञांनी आपसांत वाद घातला. लोकांनी पारावर घातला. दोन वादांची गाठ पडली नाही.

भूकंप रोज होत नाही, पाणी रोज लागते. आणि इथे आमच्या विद्वान उमेदवारांचा खरा प्रतिस्पर्धी उभा आहे. त्याचे नाव पाणाड्या. औसा तालुक्यात शेतकऱ्याला बोअर घ्यायचे असले की तो पाणाड्याला बोलावतो. तळहातावर आडवा नारळ उभा राहिला किंवा हातातली डहाळी खाली ओढली गेली की तिथे पाणी! शास्त्राच्या दृष्टीने हा सारा खेळ आहे. काळ्या खडकात पाणी राहते ते मुरुमात, भेगांत आणि दोन थरांच्या सांध्यात; अखंड कातळात सहाशे-आठशे फूट गेले तरी धूळच येते. शेतातल्या कामापुरते शिकलेला भूशास्त्राचा पदवीधर हे नकाशावर दाखवू शकतो. मग मते पाणाड्यालाच का पडतात? कारण तो बोलावले की येतो. बांधावर उभा राहतो. मराठीत बोलतो. 'इथं खोद' असे म्हणतो आणि स्वतःचे नाव पणाला लावतो. बोअर कोरडे गेले तर गावात त्याची टिंगल होते. भूशास्त्राच्या संस्थेचा अध्यक्ष कशाच्या पणाला लागतो, ते मला अजून समजलेले नाही. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेच्या टाक्यांत भरून लातूरला पाणी आणावे लागले, पहिल्या खेपेला पाच लाख लिटर. त्या दिवशी देशातल्या प्रत्येक पुढाऱ्याने काही ना काही सांगितले. खडकातले पाणी ज्यांना कळते त्यांच्या पुढाऱ्याचा शब्द मात्र लातूरच्या घराघरांत पोचला नाही.

पाणाड्याला दोष देण्यात अर्थ नाही. त्याच्या जागी आता पेटीतले यंत्र घेऊन फिरणारे 'भूजलतज्ज्ञ' आले आहेत, आणि त्यांतले खरे किती, खोटे किती, ते ओळखण्याचे साधन शेतकऱ्याजवळ नाही. हिशेब तपासणाऱ्याला १९४९ चा कायदा आहे, वकिलाला १९६१ चा, घराचा नकाशा काढणाऱ्या वास्तुविशारदाला १९७२ चा. त्याखाली नाव नोंदल्याशिवाय त्यांना ती पाटी लावता येत नाही. जमिनीच्या पोटात काय आहे हे सांगणाऱ्याला मात्र असा नोंदणीचा कायदा नाही. अध्यक्षपदाच्या उमेदवाराने पहिली शपथ घ्यावी ती या कायद्यासाठी दिल्लीचे उंबरे झिजवण्याची. यात सभासदांचाही पोटापाण्याचा लाभ आहे. निव्वळ परोपकार करा असे मी सांगत नाही.

शास्त्रीय संस्थेने राजकारणात पडू नये, असे कोणी म्हणेल. ठीक आहे. पण छतावरची माती उतरवा, हे सांगणे कोणत्या पक्षाचे राजकारण? दुसरा म्हणेल की मते सभासदांची, किल्लारीकरांची नाहीत. बरोबर. पण नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ विद्यापीठात भूशास्त्र शिकणारी पोरे याच जिल्ह्यांतली आहेत, त्यांतली काही भूकंपानंतर पत्र्याच्या शेडमध्ये वाढलेल्या आईबापांची. उद्या त्यांच्या हातात मतपत्रिका येईल. त्यांनी उमेदवाराला पदके विचारू नयेत. बावन्न गावे उठवून नवी वसवली, तिथल्या घरांवर लोकांनी आता स्वतःच्या हाताने जे मजले आणि भिंती चढवल्या आहेत त्या दुसरा धक्का सोसतील काय, हे विचारावे. आणि उत्तर मराठीत मागावे. उमेदवार तमिळ असो वा बंगाली, दुभाषा आम्ही देऊ.

सभेला जागाही आहे. किल्लारीच्या जुन्या गावठाणाजवळ मोकळे मैदान पडले आहे. औशाहून एसटी जाते.