केमोचा त्रास सगळ्यांना सारखा नसतो

स्तनाच्या कॅन्सरवर केमो घेणारी बाई जुलाबाची, तोंड आल्याची तक्रार करते तेव्हा तिला ठरलेले उत्तर मिळते : "केमोत होतेच असे, सहन करा." वॉर्डात काम करताना आम्ही हे रोज ऐकले. आम्हाला ते मान्य नाही.

उंची-वजनावरून काढलेला एकच डोस एकीला सोसतो, दुसरी अंथरुणाला खिळते. शेजारणी म्हणतात, ही नाटकी. कुणी मागच्या जन्मीचे पाप काढते. खरे कारण बरेचदा शरीरात असते. औषध मोडून बाहेर टाकणारे एन्झाइम किती बनावे, हे आई-बापाकडून आलेली जनुके ठरवतात. (जनुक म्हटले की लोकांना जात-कूळ आठवते. इथे त्याचा संबंध नाही. सख्ख्या बहिणींतही फरक असू शकतो.)

कॅपेसिटाबिनच्या गोळ्यांचेच बघा. आजार पसरल्यावर त्या अनेकींना देतात. घरी घ्यायच्या, म्हणून सौम्य वाटतात. शरीरात त्यांचे फ्लुरोयुरॅसिल होते आणि त्यातला 80 टक्क्यांच्या आसपास भाग डीपीडी हे एन्झाइम मोडते. डीपीवायडी जनुकात दोष असेल तर ते कमी बनते. मग नेहमीचाच डोस जास्त होतो : तोंडभर फोड, न थांबणारे जुलाब, पांढऱ्या पेशी खाली, प्रसंगी मृत्यू. युरोपच्या औषध संस्थेने 2020 मध्ये या गोळ्यांआधी डीपीडीची तपासणी करण्याची शिफारस केली. रक्त द्यायचे, बस्स. दोष निघाला तर डोस कमी करतात किंवा औषध बदलतात. औषध जिथे सरकारी योजनेतून मिळते, तिथे ही तपासणीही त्यातूनच मिळाली पाहिजे. बीआरसीएची तपासणी झाली असली तरी ही वेगळी. तिच्यातून औषध सोसेल की नाही ते कळत नाही. आणखी एक. नेहमी शोधले जाणारे दोष मुख्यतः युरोपीय लोकांत सापडलेले आहेत. म्हणून रिपोर्ट चांगला आला तरी गाफील राहू नये, आणि आपल्या लोकांवर संशोधन व्हावे ही मागणीही सोडू नये.

पॅक्लिटॅक्सेलने हातापायांना मुंग्या येतात, बधिरपणा येतो. त्यातही जनुकांचा हात आहे, पण विसंबून राहावे अशी तपासणी अजून नाही. तिथे बाईने सांगितले तरच कळते. सुईत दोरा ओवता येत नाही, ब्लाउजचे हूक लागत नाहीत, पायातली चप्पल निसटलेली समजत नाही. केमो बंद करतील या भीतीने बायका हे लपवतात. डोस कमी करता येतो, औषध बदलता येते. लपवले तर बधिरपणा कायमचा राहू शकतो.

कॅपेसिटाबिन चालू असताना नेहमीपेक्षा चार वेळा जास्त जुलाब झाले, किंवा तोंडातल्या फोडांनी जेवण बंद झाले, तर पुढची गोळी न घेता त्याच दिवशी कॅन्सर विभागात विचारा. कोणत्याही केमोत ताप 100.4 च्या वर गेला तर रात्र असली तरी निघा; घरी पॅरासिटामॉल देऊन सकाळची वाट बघू नका. केमोची फाईल सोबत घ्या.