बागलाणचें भाकीत

निवडणुकीचें भाकीत वर्तविणें हा आमच्या सटाण्यांतील आबालवृद्धांचा आवडता उद्योग. ‘वारा एकाच बाजूचा’ म्हटलें कीं झालें! २०२४ च्या विधानसभेंत बागलाणांतून भाजपचे दिलीप बोरसे सव्वा लाखाहून अधिक मताधिक्यानें आले, हें खरें. परंतु २०१४ सालीं हीच जागा राष्ट्रवादीच्या दीपिका चव्हाण यांनीं जिंकली होती. आणि २०२४ च्याच लोकसभेंत, बागलाण ज्यांत मोडतें त्या धुळें मतदारसंघाच्या सहापैकीं पांच विभागांत भाजपचे सुभाष भामरे पुढें असतांही, एकट्या मालेगांव मध्यनें तें सारें मताधिक्य गिळलें. काँग्रेसच्या शोभा बच्छाव ३,८३१ मतांनीं निवडून आल्या. निकाल ठरलेलाच समजून मेच्या उन्हाच्या भयानें जे घरीं बसले, त्यांनीं हा आंकडा मतदारसंघांतील गांवांवर वांटून पाहावा.