धर्मत्याग कोणाचा?

नाताळचा सण म्हणजे गव्हाणीतील बालक, मेंढपाळ आणि पूर्वेकडचा तारा, एवढे चित्र ख्रिस्तेतर वाचकांच्याही डोळ्यांपुढे सहज उभे राहते. परंतु या सणाच्या आधीचे जे चार रविवार कॅथलिक व अनेक प्रॉटेस्टंट मंडळ्या आगमनकाल म्हणून पाळतात, त्यांचा आरंभ कोणत्या शास्त्रवाचनाने होतो हे पाहिले म्हणजे अपरिचित माणूस चकित होतो. त्या पहिल्या रविवारी जन्मकथा वाचली जात नाही. वाचला जातो तो जगाच्या अंतासंबंधीचा भाग. मत्तय, मार्क आणि लूक यांच्या शुभवर्तमानांतून तो आळीपाळीने, तीन वर्षांच्या क्रमाने घेतलेला असतो. एकदा येऊन गेलेल्याचा जन्मोत्सव करण्याआधी पुन्हा येणाऱ्याच्या न्यायाचे स्मरण करावयाचे, असा हा संकेत आहे. ज्यांनी तो योजला त्यांच्या धर्मबुद्धीविषयी प्रस्तुत लेखकाला मोठा आदर वाटतो.

तो प्रसंग थोडक्यात असा. यरुशलेमच्या मंदिराचे भव्य बांधकाम शिष्य कौतुकाने दाखवतात, तेव्हा येशू म्हणतो की यातील दगडावर दगड उरणार नाही. पुढे जैतुनाच्या डोंगरावर शिष्य त्याला एकांतात गाठून विचारतात, हे केव्हा होईल? प्रश्न ‘केव्हा’चा आहे, उत्तरात मात्र तिथिवार नाही. लढाया, दुष्काळ, भूकंप यांचे उल्लेख येतात, पण त्यांहून भयंकर अशी जी गोष्ट मत्तयाने नोंदविली आहे ती निराळीच आहे. पुष्कळ जण ढळतील, एकमेकांना धरून देतील, खोटे संदेष्टे उठतील आणि अधर्म माजल्यामुळे बहुतेकांची प्रीती थंड होईल. तो दिवस आणि ती घटका देवदूतांना ठाऊक नाही, इतकेच काय पुत्रालाही ठाऊक नाही, असे मार्काने स्पष्टच लिहून ठेवले आहे. ते मंदिर इ. स. ७० मध्ये रोमन सैन्याने उद्ध्वस्त केले. जग मात्र राहिले. आणि जगाबरोबर ‘केव्हा’ हा प्रश्नही राहिला.

या प्रश्नाने पहिल्यांदा ज्यांची झोप उडविली त्यांत ग्रीस देशातील थेस्सलनीका या बंदराच्या नगरीतील मंडळी होती. प्रभूचा दिवस येऊन ठेपलाच आहे, या समजुतीने तेथे घबराट झाली होती आणि काही जण तर कामधंदा सोडून इतरांच्या अन्नावर राहू लागले होते. पौलाच्या नावाने असलेल्या दुसऱ्या पत्रात त्यांची कानउघाडणी आहे. फसू नका, त्या दिवसाआधी ‘अपोस्तासिया’ व्हावयाची आहे, असे ते पत्र सांगते. मराठी बायबलात या शब्दाला ‘धर्मत्याग’ असा प्रतिशब्द आहे. तो चुकीचा नव्हे. तथापि एक धर्म टाकून दुसरा घेणे, असा अर्थ आपल्या मनात त्यामुळे आधी येतो. मूळ ग्रीक शब्द पाहिला तर संस्कृत जाणणाऱ्यास तो घरचाच वाटेल. त्यातील ‘अपो’ म्हणजे आपला ‘अप’ हा उपसर्ग आणि पुढचे अंग ‘स्था’ या धातूचे सख्खे भावंड. जेथे उभे राहावयाचे तेथून दूर होणे, हा त्याचा धात्वर्थ. आणि त्या काळी राजसत्तेविरुद्धच्या बंडालाही हाच शब्द लावीत. दार उघडून बाहेर पडणे ही या ढळण्याची अट नाही. तीमथ्याला लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात शेवटल्या काळच्या माणसांचे जे वर्णन आहे, ती माणसे स्वतःवर आणि पैशावर प्रेम करणारी आहेत, आणि भक्तीचे बाह्य रूप त्यांनी मुळीच सोडलेले नाही. म्हणजे ती उपासनेला वेळेवर येत असली पाहिजेत.

‘ख्रिस्तविरोधक’ या शब्दाचीही अशीच गंमत आहे. सात डोक्यांच्या श्वापदामुळे तो शब्द प्रकटीकरणाच्या ग्रंथातला असावा असे बहुतेकांना वाटते. त्या ग्रंथात तो एकदाही नाही. तो आहे योहानाच्या पत्रांत. आणि तेथे असे म्हटले आहे की ख्रिस्तविरोधक पुष्कळ आहेत, आलेले आहेत आणि ते आपल्यातूनच निघालेले आहेत.

प्रकटीकरणाच्या ग्रंथाचा जो भाग सर्वांत कमी भीतिदायक म्हणून लोक भराभर ओलांडून जातात, तो आरंभीचा सात पत्रांचा भाग आमच्या मते सर्वांत अधिक जाळणारा आहे. आजच्या पश्चिम तुर्कस्तानातील सात नगरांच्या मंडळ्यांना ती पत्रे आहेत. इफिसची मंडळी खोट्या प्रेषितांना ओळखण्यात मोठी तरबेज होती. त्याबद्दल तिची प्रशंसा आहे, आणि लगेच आरोप आहे की तू आपली पहिली प्रीती सोडलीस. पाखंड हुडकण्यात प्रवीण झालेल्यांचीच प्रीती आटावी, ही गोष्ट लिहिणाऱ्याने सहज लिहिलेली नाही. लावदिकीया हे सधन नगर. तेथील मंडळी ना उष्ण ना थंड, कोमट. जवळच हिरापुलीस येथे उन्हाळी होती आणि कलस्सै येथे थंड पाणी होते; त्यांच्यामध्ये राहणाऱ्यांना ती उपमा बरोबर झोंबली असेल, असे अभ्यासक सांगतात. त्या पत्राच्या शेवटी ख्रिस्त दाराशी उभा राहून ठोठावीत आहे. नाताळच्या भेटकार्डांवरही हे चित्र येते. परंतु ते दार त्याच्याच मंडळीचे आहे आणि तो बाहेर आहे, हे किती जणांच्या ध्यानात येते?

संस्कृत व्याकरणात ‘तो’ हा प्रथमपुरुष, ‘तू’ हा मध्यमपुरुष आणि ‘मी’ हा उत्तमपुरुष. मराठी व्याकरणातील क्रमाच्या हा उलटा आहे. या सात पत्रांत मुख्य बोलणे मध्यमपुरुषी आहे: तू ढळलास, तू परत फीर. मात्र पुढील पिढ्यांच्या हाती हे भाकीत जाताच ते प्रथमपुरुषी झाले: तो ढळला आहे, ते ढळले आहेत. यात नवल नाही. कीर्तनात दांभिकांवर कोरडे ओढू लागलो म्हणजे सभामंडपातील प्रत्येक श्रोता हळूच शेजाऱ्याकडे पाहतो, हे आम्ही चाळीस वर्षे पाहत आलो आहोत. आमच्या पुराणांनी कलियुगाची मुदत ४,३२,००० वर्षे सांगितल्यामुळे तिथी काढण्याचा मोह आमच्याकडे झाला नाही, एवढेच. ‘कली मातला’ असे म्हणणारा म्हातारा येथेही तरुणांकडे पाहूनच म्हणतो.

या प्रथमपुरुषी वाचनाचा इतिहास फार मोठा आहे. मार्टिन ल्यूथरने पोपच्या गादीलाच ख्रिस्तविरोधकाचे आसन ठरविले. १५२२ च्या सप्टेंबरात त्याचा जर्मन नवा करार छापला गेला, तेव्हा त्यातील चित्रात बाबेलच्या वेश्येच्या मस्तकी पोपचा तिहेरी मुकुट होता. विरोध झाल्यावर डिसेंबरच्या आवृत्तीत तो काढावा लागला. पोपच्या पक्षानेही ल्यूथरला तीच बिरुदे परत केली. ल्यूथरच्या स्नेह्यांत मिखाएल श्टीफेल नावाचा एक पाळक होता. अंकांचा मोठा नादी. पोप दहावा लिओ याच्या लॅटिन नावातील अक्षरांची काटछाट करून त्याने ६६६ ही श्वापदाची संख्या काढून दाखविली होती. मग त्याने गणिताने जगाचा अंत काढला तो १५३३ च्या १९ ऑक्टोबरला, सकाळी आठ वाजता. त्याच्या लोखाऊ गावातील शेतकऱ्यांनी शेतीभाती सोडली. आठ वाजले, पुढेही वाजत राहिले, आणि पाळकबुवांची रवानगी बंदिवासात झाली. ल्यूथरच्या रदबदलीने तो सुटला, पुन्हा भाकिताच्या वाटेस गेला नाही आणि १५४४ मध्ये त्याने अंकगणितावर असा ग्रंथ लिहिला की गणिताच्या इतिहासात त्याचे नाव आजही आदराने घेतले जाते. हिशेबी डोके वाया गेले नाही, हा त्यातला आनंदाचा भाग.

सर्वांत करुण कथा मात्र अमेरिकेतील आहे. विल्यम मिलर हा न्यूयॉर्क राज्यातील लो हॅम्टन येथील शेतकरी. तो १८१२ च्या युद्धात लढलेला, बॅप्टिस्ट पंथाचा, वृत्तीने सरळ आणि अभ्यासू होता. दानीएलाच्या ग्रंथातील २३०० दिवस म्हणजे २३०० वर्षे आणि त्यांचा आरंभ इ. स. पूर्व ४५७, असे धरून त्याने ख्रिस्ताचे पुनरागमन १८४३ च्या सुमारास काढले. १८३१ पासून तो व्याख्याने देऊ लागला. बॉस्टनच्या जोशुआ हाइम्सने वृत्तपत्रे आणि तक्ते छापून त्या विचाराचा देशभर प्रसार केला. प्रारंभी हे सर्व लोक आपापल्या मंडळ्यांत राहूनच वाट पाहत होते. पण त्यांची टिंगल होऊ लागली, काहींना मंडळ्यांतून काढण्यात आले. आणि १८४३ च्या उन्हाळ्यात चार्ल्स फिच या उपदेशकाने जाहीर केले की बाबेल म्हणजे केवळ रोम नव्हे, पुनरागमनाचा हा संदेश नाकारणाऱ्या प्रॉटेस्टंट मंडळ्याही बाबेलच आहेत. त्यांतून बाहेर या. खुद्द मिलरला हे रुचले नव्हते. तथापि सहस्रावधी लोक बाहेर पडले. शेजारच्या बाकावर बसणारा कालचा बंधू एका प्रवचनाने धर्मत्यागी ठरला.

इसवी सनात शून्य वर्ष नसल्याने हिशेब एका वर्षाने पुढे सरकतो, हे ध्यानात आल्यावर १८४४ धरले गेले आणि सॅम्युएल स्नो याने २२ ऑक्टोबर ही तिथी सांगितली. काही शेतकऱ्यांनी पिके शेतात तशीच ठेवली. पांढरे झगे घालून ते लोक टेकड्यांवर चढले, ही गोष्ट पुष्कळदा सांगितली जाते; ती टवाळखोरांनी रचलेली दंतकथा असावी असे अभ्यासकांचे मत आहे. खरे जे घडले त्याला कोणत्याही झग्याची गरज नाही. रात्र सरली, २३ तारीख उजाडली, आणि हायरम एडसन नावाच्या एका शेतकऱ्याने लिहून ठेवले आहे की आम्ही पहाटेपर्यंत रडलो. आपली गणना चुकली हे मिलरने उघडपणे मान्य केले. १८४९ मध्ये तो वारला, तोवर आशा त्याने सोडली नव्हती. त्याच्या अनुयायांतील काहींनी मात्र काही वर्षे असे मानले की त्या दिवशी बाहेरच्या जगावर कृपेचे दार बंद झाले. पुढे ती समजूत त्यांनी टाकली आणि त्यांच्यातूनच १८६३ मध्ये सेव्हंथ डे ॲडव्हेंटिस्ट मंडळी उभी राहिली. पुण्यातील स्पायसर ही शिक्षणसंस्था त्याच मंडळीची. दवाखाने आणि विद्यालये यांनी त्या मंडळीने जगभर जे काम केले आहे, ते त्या एका रात्रीच्या हिशेबाने झाकून टाकणे अन्यायाचे होईल. आमचा आक्षेप त्यांच्या वाट पाहण्याला नाही, त्या बंद दाराला आहे. लावदिकीयाच्या पत्रात दाराबाहेर कोण उभा होता, ते वर सांगितलेच आहे.

मग मंडळीच्या आत धर्मत्याग होतच नाही, असे म्हणावयाचे काय? तसे म्हणणे अधिकच भोळेपणाचे होईल. तो विसाव्या शतकात सर्व जगाच्या डोळ्यांदेखत झाला, आणि तोही ल्यूथरच्याच देशात. १९३३ च्या जुलैत जर्मनीतील प्रॉटेस्टंट मंडळीच्या निवडणुकांत ‘जर्मन ख्रिस्ती’ म्हणविणाऱ्या हिटलरनिष्ठ पक्षाला प्रचंड बहुमत मिळाले. मंडळ्या ओस पडल्या नाहीत. वेद्यांजवळ स्वस्तिकाचे ध्वज लागले. यहुदी वंशातून आलेल्या पाळकांना पदावरून दूर करण्याचा नियम आला. नोव्हेंबरात बर्लिनच्या क्रीडागारात भरलेल्या त्यांच्या सभेत राइनहोल्ड क्राउझे याने जुना करारच काढून टाकण्याची मागणी केली. स्तोत्रे तीच, घंटा त्याच, बाप्तिस्मे तेच. उभे राहावयाची जागा तेवढी सुटली होती.

ज्यांनी हे ओळखले ते १९३४ च्या मे महिन्याअखेर बार्मेन येथे जमले. कार्ल बार्ट याने मुख्यतः लिहिलेल्या त्यांच्या घोषणापत्रात श्वापदाची संख्या नाही, वर्षांचा हिशेब नाही. मंडळीचा प्रभू एकच आहे आणि दुसऱ्या कोणा पुढाऱ्याच्या शब्दाला ती ईश्वरी वाणी मानणार नाही, एवढेच त्याचे सार. मात्र त्यात यहुद्यांविषयी शब्द नाही. ही उणीव बार्टने पुढे स्वतःच बोलून दाखविली. डीट्रिख बोनहोफर हा या संघर्षातला तरुण पाळक १९४५ च्या ९ एप्रिलला फ्लोसेनबुर्गच्या छावणीत फासावर गेला.

त्याच वर्षी १८ आणि १९ ऑक्टोबरला (श्टीफेलची तिथी वाचकांना आठवत असेल) श्टुटगार्ट येथे जर्मन मंडळीच्या अकरा पुढाऱ्यांनी परदेशी मंडळ्यांच्या प्रतिनिधींपुढे एक कबुलीपत्र ठेवले. त्यात ते स्वतःवर आरोप करतात की आम्ही अधिक धैर्याने साक्ष दिली नाही आणि अधिक उत्कटतेने प्रीती केली नाही. थंड झालेल्या प्रीतीचे ते जैतुनाच्या डोंगरावरचे भाकीत येथे उत्तमपुरुषात आले. पत्रावर सही करणाऱ्यांतील काही जण तर हिटलरच्या कैदेत होते. ज्यांना ‘ते’ म्हणण्याचा अधिकार होता, त्यांनी ‘आम्ही’ म्हटले. याही पत्रात यहुद्यांचे नाव नाही, हा आक्षेप आजही घेतला जातो आणि तो रास्त आहे. त्या वेळी जर्मनीत आरडाओरडा झाला तो मात्र निराळ्या कारणाने: शहरे बेचिराख झालेली, लोक उपाशी, आणि आपले धर्मपुढारीच आपल्याला अपराधी म्हणतात!

मार्टिन नीमोलर हा त्या अकरांतील एक. आरंभी त्याने स्वतः हिटलरच्या पक्षाला मत दिले होते. नंतर विरोध केला म्हणून १९३७ ते १९४५ अशी आठ वर्षे तो तुरुंगात आणि छावण्यांत होता, त्यांतील शेवटची डाखाऊ येथे. युद्धानंतर पत्नीला घेऊन तो डाखाऊ पाहावयास गेला. तेथे जाळल्या गेलेल्या लोकांच्या स्मृतीचा एक फलक होता आणि त्यावर वर्षे लिहिली होती: १९३३ ते १९४५. पुढे गावोगावच्या सभांतून तो सांगत असे की तू कोठे होतास, या प्रश्नाला १९३७ नंतरच्या वर्षांसाठी माझ्यापाशी उत्तर होते. परंतु फलकावर १९३३ लिहिले होते, आणि त्या पहिल्या चार वर्षांसाठी मला काही सांगता येईना.