गोंगाटातली अक्षरे

हेवी मेटल म्हणजे निव्वळ गोंगाट, त्यात कविता कुठली, असा शेरा मारून आपली समीक्षा मोकळी होते. आम्हांला हा शेरा आळसाचा वाटतो.

या संगीताच्या मुळाशी कारखाना आहे. बर्मिंगहॅमच्या पत्र्याच्या कारखान्यात टोनी आयोमी या तरुण कामगाराच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोके यंत्रात तुटली. पुढे बोटांना सोसावे म्हणून त्याने गिटारच्या तारा सैल केल्या. 'ब्लॅक सॅबथ'चा जड, खर्जातला आवाज घडण्यात त्या जखमेचा वाटा आहे. त्यांचे १९७० चे 'वॉर पिग्ज' युद्ध पुकारून स्वतः मागे राहणाऱ्या सत्ताधीशांवर आहे. १९७२ मध्ये आपल्याकडे नामदेव ढसाळांचा 'गोलपिठा' आला. दोहोंचा परस्परसंबंध नाही. परंतु सभ्य भाषा अपुरी पडली की आवाज कसा फाटतो, हे दोन्हीकडे दिसते.

यावर एक आक्षेप रास्त आहे. अण्णा भाऊ साठे, अमर शेख आणि द. ना. गवाणकर यांच्या लाल बावटा कलापथकाचा शब्द मैदानातल्या शेवटच्या माणसापर्यंत पोचत असे. गुरगुरत्या गळ्यातून आलेला शब्द पहिल्या रांगेलाही कळत नाही. मग हा निषेध कोणासाठी? आमचे उत्तर असे की, मेटलचा श्रोता गीत नंतर वाचतो. अनेकदा पाठ करतो. म्हणजे ही वाचली जाणारी संहिता आहे, आणि म्हणूनच ती साहित्याच्या वर्गाची बाब ठरते.

खरा प्रश्न भाषेचाही नाही, जागेचा आहे. ब्राझीलच्या 'सेपल्तुरा'ने मुख्यतः इंग्रजीत गायिले. पण १९९३ च्या 'मॅनिफेस्ट'मध्ये साओ पाउलोच्या कारांदिरू तुरुंगात आदल्या वर्षी मारल्या गेलेल्या १११ कैद्यांची गोष्ट मांडली. दिल्लीच्या 'ब्लडीवुड'ने हिंदी-पंजाबीही मेटलमध्ये आणली.

आता ठाणे-कल्याण पट्ट्याकडे पाहावे. डोंबिवलीच्या एमआयडीसीत २६ मे २०१६ रोजी स्फोट झाला. २३ मे २०२४ रोजी पुन्हा झाला. दोन्ही वेळा दहाहून अधिक माणसे दगावली. याच पट्ट्यातून लोकलने कॉलेजला जाणाऱ्या मुलाच्या कानात दूरदेशीच्या युद्धाचा धिक्कार वाजत असतो, आणि खिडकीबाहेर चिमण्यांचा धूर असतो. त्या धिक्काराला या धुराचे नाव मिळत नाही तोवर तो उसना आहे, असे आम्ही म्हणू.

शिक्षकांना आमची विनंती एवढीच: नारायण सुर्व्यांचे 'माझे विद्यापीठ' शिकवताना एखाद्या तासाला त्या मुलाचे आवडते गीत फळ्यावर लिहून घ्यावे. शब्द कोणाविरुद्ध आहेत, कोणासाठी आहेत, आणि ते इथे लिहिले असते तर त्यात कोणते गाव आले असते, हे विचारावे. तिसऱ्या प्रश्नाशी वर्ग थबकला, तर तास फुकट गेला नाही असे समजावे.